रणी पडलेल्यांचे ऋण

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्यावर एक कामगिरी सोपविली. आपल्या ज्ञातीतील जे जे पुरुष आजवरच्या युद्धांत कामी आले त्यांची नामावली सिद्ध करावी आणि तिला जोडून चार शब्द लिहावेत, अशी ती कामगिरी. काम मानाचे होते. आम्ही ते आनंदाने पत्करले. परंतु आरंभीच कबूल केले पाहिजे की, ज्या स्वरूपात नामावली मागितली होती त्या स्वरूपात ती आम्हांस देता आली नाही. का देता आली नाही, आणि तिच्या ऐवजी ज्ञातिबंधुभगिनींपुढे काय ठेवावेसे वाटले, तेच या लेखात सांगावयाचे आहे.

शोधाचा आरंभ आम्ही स्वतःच्या गावापासून केला. आमच्या गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसविलेली आहे. पहिल्या महायुद्धानंतर तत्कालीन सरकारने अशा पाट्या सातारा, रत्नागिरी आदि जिल्ह्यांतील कित्येक गावी बसविल्या. आपल्यापैकी पुष्कळांनी त्या लहानपणी पाहिल्या असतील. १९१४ ते १९१९ या काळात या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले व त्यांपैकी इतके प्राणास मुकले, एवढाच काय तो मजकूर त्यांवर आढळतो. आकडे आहेत, नावे नाहीत. आमच्या गावच्या पाटीवरील दुसरा आकडा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतका लहान आहे. पण ज्या घरातील माणूस परत आला नाही, त्या घराला तो लहान वाटला नसेल.

ही नावे कोणाची, याची आम्ही गावातील वयोवृद्धांकडे चौकशी केली. ते युद्ध पाहिलेले कोणीही आता हयात नाही. आहेत ती आजोबा-पणजोबांकडून कानी आलेली वाक्ये. वरच्या आळीत विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "ती माणसे आमच्या आळीची." खालच्या आळीत विचारले, तेथेही तेच उत्तर. या दोन आळ्यांचे शेताच्या वाटेवरून कित्येक वर्षे वितुष्ट आहे. एकीचे लग्न असले की दुसरी मांडवाकडे पाठ फिरविते. आमचे घर वरच्या आळीत असून त्या तंट्यात आमच्याही घराण्याचा वाटा आहे, हे सांगण्यास संकोच वाटतो, परंतु सांगितले पाहिजे. ज्यांची नावेही कोणास धड ठाऊक नाहीत, त्या मृतांवरून देखील आम्ही मालकी सांगू लागलो, हे पाहून आमची लेखणी प्रथम तेथेच थबकली.

त्याच दिवशी सायंकाळी गावकुसाबाहेरच्या देवळाकडे जाताना वाटेतील वीरगळांकडे लक्ष गेले. हे शिलाखंड महाराष्ट्रात शेकड्यांनी विखुरलेले आहेत. खालच्या चौकटीत रणी पडलेला वीर, कधी त्याच्याजवळ गुरांचा कळप. त्यावर युद्धाचा देखावा. त्याच्याही वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. अखेर शिवलिंगाची पूजा करणारा तो वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची रचना सामान्यतः असते. आपल्याकडील बहुतेक वीरगळांवर अक्षर कोरलेले नसते. तो वीर कोणत्या कुळातला, कोणत्या आळीतला, हे आज कोणीही सांगू शकत नाही. ज्या शिळेवर गुरे कोरलेली आहेत, तेथील वीराने गुरे पळविणाऱ्यांशी लढताना देह ठेविला एवढे मात्र समजते. आणि गावची गुरे म्हटली की ती साऱ्या गावाची. म्हणून शेंदूर लावणारा हात कोणाचा आहे हे त्या शिळेपुढे कोणी विचारीत नाही. चावडीतील पाटी आणि गावकुसाबाहेरील वीरगळ यांत कित्येक शतकांचे अंतर असले, तरी दोहोंचे सांगणे एकच आहे, असे आम्हांस त्या सायंकाळी वाटले.

आता त्या पाटीवरील माणसे कोठे गेली होती, ते पाहू. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांवर सैनिक व कामगार समुद्रापार गेले आणि त्यांपैकी ७४ हजारांहून अधिक मृत्यू पावले. त्यांतील सर्वांत मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढला. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावचे ४६ पुरुष त्या महायुद्धात कामी आले. ते गाव आजही 'अपशिंगे मिलिटरी' या नावानेच ओळखले जाते. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत प्रथम उतरली ती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्या तीन ब्रिगेडींची नावे पुणे, अहमदनगर आणि बेळगाव अशी, म्हणजे आपल्याच छावण्यांची होती. तिच्यात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांच्यासह पंजाबी, राजपूत आणि इंग्रज पलटणीही होत्या. मराठा पलटणी म्हटल्या तरी त्यांत दखनी मुसलमानांच्या तुकड्या असत, ही गोष्ट आज पुष्कळांच्या विस्मरणात गेली आहे.

नोव्हेंबर १९१४ मध्ये ही डिव्हिजन फाओच्या किनाऱ्यावर उतरू लागली आणि त्याच महिन्यात बसरा पडले. पुढील वर्षी जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली ती टायग्रीस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने सरकली. नोव्हेंबर १९१५ मध्ये क्टेसिफोन येथे तुंबळ युद्ध झाले. हानी इतकी झाली की माघार घेणे भाग पडले. थकलेले सैन्य कूत-अल-अमारा या गावी येऊन थांबले आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा पडला. तो सुमारे पाच महिने टिकला. सुटकेसाठी खालून चालून आलेल्या फौजांनी एकामागून एक हल्ले केले. त्यांत सुमारे २३ हजार माणसे मेली वा जखमी झाली, परंतु वेढा उठला नाही. विमानातून पिठाची पोती टाकण्याचाही प्रयत्न झाला. दररोजचे पीठ शेवटी मूठभरावर आले.

त्या वेढ्यातील एक प्रसंग विचार करण्याजोगा आहे. अन्न संपत आले तेव्हा घोडे व खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्याचा हुकूम झाला. हिंदी शिपायांनी ते घेण्यास नकार दिला. धर्म जाईल, गावी परतल्यावर जात वाळीत टाकील, ही भीती त्यांच्या मनात होती. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांकडून अनुज्ञा मागविण्यात आली. ती मिळाल्यावरही पुष्कळांनी ते मांस अखेरच्या दिवसांपर्यंत घेतले नाही. अंगातील शक्ती गेली, रक्तपितीसारख्या रोगाने हिरड्या सुजल्या, तरी ते खंदकांत उभे राहिले. त्यांच्या निष्ठेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. त्या शिपायास शत्रूच्या गोळीइतकेच भय गावातल्या पंक्तीचे वाटावे, ही गोष्ट त्याला भूषणावह असेल. आपल्याला ती भूषणावह आहे काय? तो तेथे उपाशी मरत असता त्याच्या मनावर आपल्या बहिष्काराचे ओझे होते. आपल्या पूर्वजांनी हे ओझे हलके केले असते, तर कदाचित एखाद्या पाटीवरील आकडा एकाने कमी झाला असता.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले. सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत पडली. सेनापती टाउनशेंड यांना कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर सुखाने ठेवण्यात आले. शिपायांना मात्र वाळवंटातून शेकडो मैल चालविण्यात आले. उन्हाने, अतिसाराने, मारहाणीने हजारो वाटेतच पडले. जे वाचले त्यांतील कित्येकांना रास-अल-ऐनसारख्या ठिकाणी लोहमार्गाच्या कामावर राबविण्यात आले. कैद्यांच्या त्या तांड्यात एक घास दोघांनी वाटून घेताना कोणी कोणाची ज्ञाती पाहिली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

या मृतांची स्मारके कशी झाली, हेही पाहिले पाहिजे. १९१७ साली युद्धातील मृतांच्या थडग्यांची व स्मारकांची व्यवस्था पाहण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. हुद्दा अथवा धर्म यांवरून मृतांत भेद करावयाचा नाही, असे त्याचे घोषित तत्त्व होते. तथापि मेसोपोटेमियात ज्यांचे थडगे ठाऊक नाही अशा चाळीस हजारांवर मृतांसाठी १९२९ साली बसरा येथे जे स्मारक उघडण्यात आले, त्यावर इंग्रज सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली; हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. पुढे १९९७ साली ते स्मारक उचलून शहराबाहेर वाळवंटात नेऊन उभारण्यात आले. एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी, त्याच मंडळाने स्वतः नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध करून या भेदभावाची कबुली दिली आणि क्षमा मागितली. मृतांना समान न लेखण्याचा दोष परक्या सत्तेने शतकानंतर का होईना पदरी घेतला. आपण आपल्या पदरचा दोष केव्हा घेणार, हा प्रश्न आम्हांस येथे टाळता येत नाही.

कारण हा भेद केवळ इंग्रजांनीच केला असे नाही. गेल्या शतकापूर्वीच्या शतकाच्या अखेरीस सरकारने 'लढाऊ जाती' ठरवून भरतीचे वर्गीकरण केले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या लष्करात चाकरी केलेल्या महार समाजास भरतीचे दार बंद झाले. स्वतः निवृत्त सैनिक असलेले गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध अर्ज सिद्ध केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा सरकारकडे दाद मागितली. महायुद्धाची निकड लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ क्रमांकाची महार पलटण उभारली गेली, आणि युद्ध संपताच थोड्याच वर्षांत ती मोडण्यात आली. महार रेजिमेंट स्थापन होण्यास १९४१ साल उजाडावे लागले. देशासाठी मरण्याचा अधिकारही ज्यांना अर्ज करून मागावा लागला, त्यांच्या बाजूने बोलण्यास त्या काळी इतर ज्ञातींपैकी फारच थोडे लोक पुढे आले. आपल्या ज्ञातीची शौर्यगाथा लिहिताना हे पान गाळणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

येथे कोणी म्हणेल की, इतिहासाचे हे सर्व ठीक. पण नामावली का देत नाही? याचे उत्तर असे. मृतांच्या सरकारी नोंदवह्या उपलब्ध आहेत. त्यांत नाव, पलटण आणि पुष्कळांच्या बाबतीत बापाचे नाव व गावही दिलेले आहे. आमच्या गावचा उल्लेख असलेली नावे आम्ही त्यांतून जुळवीत आहोत, आणि ती पूर्णपणे पडताळून झाली म्हणजे अवश्य प्रसिद्ध करू. परंतु ती नावे गावाची म्हणून प्रसिद्ध होतील, ज्ञातीची म्हणून नव्हेत. त्यांतून आपल्या ज्ञातीची तेवढी वेचून वेगळी काढावयाची, तर ज्यांच्याबरोबर ते खंदकात उभे होते, ज्यांनी त्यांना पाणी पाजले, कदाचित ज्यांनी त्यांच्या देहावर माती लोटली, त्यांची नावे पुसावी लागतील. असा पंक्तिप्रपंच आमच्या हातून होणार नाही. संपादक मंडळाने आमचा हा हट्ट मान्य केला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

मग मृतांचे ऋण फेडावे कसे? हार घालावा, दिवा लावावा, दोन मिनिटे उभे राहावे. हे सर्व योग्यच आहे. परंतु आमच्या मते, जो आपापसांतील तंटा त्यांच्या मागे आपण चालू ठेविला आहे, तो मिटविणे हा त्यांच्या स्मृतीचा अधिक खरा सन्मान होय. गावच्या वाटेवरून, बांधावरून, देवळातील मानपानावरून आपण वर्षानुवर्षे कज्जे लढवितो. त्या मेलेल्या शिपायास हा बांध पुन्हा पाहावयास मिळाला असता, तर त्याची रुंदी त्याने वितीने मोजली असती काय? तो एकदा पाहता यावा, एवढेच त्याने मागितले असते.

शांततेने राहणे म्हणजे भ्याडपणाने राहणे, असा समज आपल्यात पुष्कळांचा आहे. या समजाचे खंडन करावयास नाईक यशवंत घाडगे यांचे उदाहरण पुरेसे आहे. रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील हा बावीस वर्षांचा तरुण दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीबरोबर इटलीत लढत होता. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. त्याच्यावाचून सर्व साथीदार मेले वा जखमी झाले. तो एकटाच धावून गेला, हातबॉम्बने मशिनगन बंद पाडली, शत्रूंना लोळविले आणि लगेच लपलेल्या बंदुकधाऱ्यांच्या गोळ्यांनी तेथेच कोसळला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचे थडगे कोठे आहे हे ठाऊक नाही. याहून मोठे शौर्य कोणते दाखवावे? आणि २०२३ साली इटलीतील मोन्तोने या गावी लोकांनी त्याचे जे स्मारक उभारले, ते आहे एक सूर्यघड्याळ. आपण सर्वजण एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरले आहेत. वीरगळाच्या माथ्यावरील चंद्रसूर्यांशी ओळख असलेल्या आपल्या माणसाला हे स्मारक परके वाटू नये.

दूर इटलीतील गावाने एका मराठी शिपायाच्या नावे हे करावे, आणि त्याच्या मायभूमीतील गावांनी एकमेकांच्या मांडवास पाठ फिरवावी, ही विसंगती आता तरी आपण दूर केली पाहिजे. याचे साधनही आपल्या हाती आहे. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावचे तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत, हा तिचा हेतू. कागदोपत्री पारितोषिक मिळविण्यापुरती नव्हे, तर मनापासून ती चालविली, तर पुष्कळ काम होण्याजोगे आहे. शिवाय १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. कूतचा वेढा पडला तो दिवसही ७ डिसेंबरच. हा योगायोग असला, तरी आपल्या कामास सोयीचा आहे.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींपुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवितो. पहिली, ज्या गावी अशी पाटी वा स्मारक आहे, तेथे ७ डिसेंबरला साऱ्या गावाने, कोणत्याही आळीचा वा ज्ञातीचा भेद न ठेविता, एकत्र जमावे आणि पाटी स्वच्छ करून तिला एकच हार घालावा. दुसरी, ज्या घरांत सैनिकांची जुनी पत्रे, पदके, पेन्शनचे कागद असतील, त्यांनी ती गावच्या शाळेस दाखवावीत, म्हणजे मुलांना हा इतिहास कळेल. तिसरी सूचना सर्वांत अवघड: आपला जो एक तंटा आपल्यालाच मनातून क्षुल्लक वाटतो, तो त्या दिवसापूर्वी मिटविण्यासाठी पहिले पाऊल आपण टाकावे. समोरच्याने टाकावे म्हणून वाट पाहू नये.

इतरांस उपदेश करण्यापूर्वी स्वतः आचरण करावे, म्हणून शेवटी एवढेच निवेदन करतो. गेल्या ७ डिसेंबरला आम्ही वरच्या आळीतून खालच्या आळीत गेलो आणि ज्यांच्याशी आमच्या घराण्याचा वाटेचा वाद आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्या काकांस चावडीवर येण्याची विनंती केली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी पागोटे बांधले आणि आमच्याबरोबर निघाले. हार त्यांच्याच हस्ते घातला गेला. परतताना त्यांनी आम्हांस ओट्यावर बसवून चहा दिला. वाटेचा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. परंतु पावसाळ्यापूर्वी दोन्ही बाजूंनी मोजणीस उभे राहावयाचे, वकिलाविना, असे त्या ओट्यावर ठरले आहे.

पाटीवरील तो लहानसा आकडा त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून वाचला. त्यांतले किती तुमचे आणि किती आमचे, हे त्यांनी विचारले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.